चांगल्या इंजिनाची दुरुस्ती

माझ्या सासऱ्यांच्या मोटारीचं इंजिन मी कामातून घालवलं, तेव्हा ते अगदी उत्तम स्थितीत होतं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्यात राहत होतो आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवत होतो. आमच्या वर्गात शिकवण्यासाठी एक अर्धं कापलेलं इंजिन होतं. पिस्टन निळे, व्हॉल्व्ह पिवळे, बाकी सगळं लाल. हँडल फिरवलं की पिस्टन वरखाली व्हायचे. त्यात कधी पेट्रोल पडलं नव्हतं, त्यामुळे त्यातून कधी धूरही निघाला नव्हता. इंजिनाची झीज कशी ओळखावी या विषयावर मी सलग दोन तास बोलू शकत असे, आणि बोलतही असे. पण चालत्या गाडीचं इंजिन स्वतःच्या हातांनी उघडण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. सासुरवाडीत हे कोणाला माहीत नव्हतं. (मी सांगितलं नव्हतं.)

सासरे, म्हणजे आबा, चोपड्याजवळच्या एका खेड्यात केळी आणि कापूस करायचे. वय बासष्ट. चहात साखर कमी पडली तर तसाच पिऊन टाकणारा माणूस. त्या वर्षी केळीला भाव बरा मिळाला होता. कापसाच्या कामासाठी ते धुळ्याला आले आणि एका जिनिंगच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, त्यांना एक मोटार दिसली. परदेशी बनावटीची, लाल रंगाची, दोन दारांची, कापडी छताची. इतकी बुटकी, की शेजारी उभी असलेली बैलगाडी तिच्यापुढे दुमजली वाटत होती. शेतकऱ्याने पाहून हसावं आणि पुढे जावं अशी ती चीज होती. आबा हसले नाहीत. ते तिथून थेट आमच्या घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले,

"माले ती गाडी घेवानी शे."

माझी बायको, सुनंदा, पीठ मळत होती. तिचे हात तसेच राहिले. आबांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. पण बापाचं भलं बापापेक्षा लेकीला जास्त कळतं, अशा समजुतीने तिने तिसऱ्या दिवशी भावाला धुळ्याला बोलावून घेतलं. माझा मेहुणा प्रभाकर आला तो घामाघूम होऊनच. "भाऊजी, गावात तोंड दाखवता येणार नाही. विहिरीची मोटर बदलायची आहे आणि हे लाल मोटार घेतात. आमचं कोणाचं ऐकत नाहीत. म्हणतात, जावईबापू इंजिन तपासून हो म्हणाले तर घेईन, नाही म्हणाले तर विषय संपला."

"मग तपासतो की," मी म्हणालो.

"तपासायचं कशाला?" सुनंदा म्हणाली. "इंजिन गेलंय म्हणायचं. तुम्ही म्हटल्यावर आबा पुन्हा विचारणार नाहीत."

मी जरा आढेवेढे घेतले. पण एखाद्याच्या नुसत्या शब्दावर घरातला एवढा मोठा निर्णय फिरणार आहे, हे ऐकून माणूस फुलतो. मी फुललो.

रविवारी सकाळी आम्ही जिनिंगच्या आवारात गेलो. मी आयटीआयतून कॉम्प्रेशन गेज मागून आणलं होतं. प्लग काढून तिथे लावायचं आणि सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते बघायचं, असं ते यंत्र. गाडीचे मालक मनोहरशेठ खुर्ची टाकून बसले होते. गाडी त्यांच्या मुंबईच्या मेहुण्याने त्यांच्या गळ्यात मारली होती, असं ते स्वतःच सांगत होते.

गाडी सुरू केली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. धूर नाही. ऑइलचा दाब ठीक. चारही सिलिंडरचा दाब मी मोजला, तर चारही आकडे जुळ्या भावंडांसारखे एकसारखे. पुस्तकात निरोगी इंजिनाचं जे वर्णन मी मुलांना लिहून देत असे, ते माझ्यासमोर गुरगुरत होतं.

मी मान हलवली आणि म्हणालो, "पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत."

मनोहरशेठांनी खुर्ची पुढे सरकवली. "असं कसं? धूर कुठे आहे?"

"जाड ऑइल घातलं की धूर दबतो," मी म्हणालो. हे खरंच असतं, फक्त या गाडीत नव्हतं.

शेठांनी बॉनेटवर हात फिरवला. मग त्यांनी किंमत दोन हजारांनी उतरवली.

हा धोका माझ्या लक्षात यायला हवा होता. आला नाही. मी म्हणालो, "व्हॉल्व्हही नीट बसत नाहीत." शेठ आणखी उतरले. मी घाबरून म्हणालो, "बेअरिंगचा आवाज येतोय. क्रँकपर्यंत काम जाईल. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीएवढा होईल." माझ्या मते हा शेवटचा घाव होता. शेठ उठून उभे राहिले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "अर्ध्या किमतीत घेऊन जा. मेहुण्याने मला फसवलं, मी तुम्हाला फसवणार नाही."

आबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलो नाही. लग्नात पाहिलं नव्हतं तसं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमचं शिक्षण आज कामले आलं."

व्यवहार तिथेच झाला. प्रभाकर स्कूटरला टेकून उभा होता. त्याने किक मारली आणि मला मागे न घेताच तो निघून गेला.

आता गाडी घेतलीच आहे तर चालवा, असं मी आबांना सांगितलं. पण आबांनी मी सांगितलेले सगळे बिघाड पिशवीतल्या पावतीच्या मागे लिहून घेतले होते. "खराब इंजिन चालवलं तर जास्ती खराब व्हईन, तुम्हीच सांगितलं. बठ्ठं काम एकदाच करी घेऊत." आणि तो कागद घेऊन ते आग्रा रोडवरच्या दगडू मिस्त्रींच्या गॅरेजात गेले. बरोबर अर्थात मी.

दगडू मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाले, "आबा, हे इंजिन तर शिवणयंत्रासारखं चालतंय. हे उघडायला कोणी सांगितलं?"

"हे आमचे जवाई," आबा अभिमानाने म्हणाले. "हे शिकवतस."

मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर ही आठवण इथेच संपली असती. मी म्हणालो, "झीज आतून असते. बाहेरून कळत नाही."

"तुम्ही म्हणता तर उघडतो, सर," मिस्त्री म्हणाले. त्यांनी 'सर' हा शब्द फार सावकाश उच्चारला.

दोन दिवसांत इंजिन उघडलं गेलं. सिलिंडरला ओरखडा नाही. रिंगा जाग्यावर. बेअरिंगं आरशासारखी. मिस्त्री एकेक भाग पुसून माझ्यासमोर ठेवत होते आणि काही बोलत नव्हते. बोलले ते सगळं बघून झाल्यावर. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये असते ती गास्केट, ती पातळ पत्र्याची चकती, उघडताना फाटली होती. ती उघडताना फाटतेच. नवी घातल्याशिवाय इंजिन बंद करता येत नाही. आणि या गाडीची गास्केट धुळ्यात नव्हती, जळगावात नव्हती, आणि मुंबईच्या दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून फोनवर विचारलं, "त्या अजून आहेत का रस्त्यावर?"

तीन महिने इंजिन टेबलावर पडून होतं. आबा दर पंधरवड्याला चोपड्याहून एसटीने यायचे, गॅरेजातल्या टायरवर बसायचे आणि गाडीकडे बघायचे. तक्रार नाही. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो असताना विचारलं, "आबा, एवढ्या गाड्या असताना हीच का घ्यावीशी वाटली?"

आबा टायरवर बोट फिरवत राहिले. "जावईबापू, आमच्या लग्नाले चाळीस वर्स झाली. अक्का मनासंगे जिथे गई, तिथे मांगे बसी गई. बैलगाडीत पोत्यांवर, ट्रॉलीमा मजुरांसंगे, जीपमा दहा जनांसंगे. दोघंच कुठे गेलो नही. ह्या गाडीत तिसरं मानूस बसतच नही."

इतके महिने मी विहिरीच्या मोटरची आणि गावातल्या हसण्याची बाजू घेऊन बसलो होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंगं, सुनंदाचा बेत, प्रभाकरचा घाम. काही शिल्लक ठेवलं नाही.

मला वाटलं, आता उठतील आणि पुन्हा आमच्या घरची पायरी चढणार नाहीत. ते म्हणाले, "म्हंजे आपण शेठले फसवलं."

माझ्या डोक्यात ही बाजू आलीच नव्हती.

"उरलेले पैसे देवाना पडतीन," आबा म्हणाले. "तुम्ही चला. तुम्हीच सांगा."

मनोहरशेठांनी माझी कबुली शांतपणे ऐकली. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "मास्तर, इंजिन चांगलं होतं हे मला माहीत असतं तर मी गाडी विकलीच नसती. पैसे नकोत, माझी गाडी परत द्या." आबांनी नकार दिला. शेठ हट्टाला पेटले. शेवटी ते आमच्याबरोबर गॅरेजात आले. टेबलावर कापड अंथरून मांडलेलं आपलं इंजिन त्यांनी पाहिलं. एक पिस्टन उचलला, परत ठेवला, आबांच्या हातातले पैसे मुकाट्याने घेतले आणि रिक्षा करून निघून गेले.

गास्केट अखेर आमच्याच गावाने दिली. मिस्त्रींच्या ओळखीचे एक तांबट होते, पाणी तापवायचे बंब बनवणारे. फाटकी गास्केट नमुना म्हणून समोर ठेवून त्यांनी तांब्याच्या पत्र्यातून तशीच कापून दिली. मी मदतीला म्हणून पुढे झालो, तर मिस्त्रींनी मला चहा सांगायला पाठवलं.

गाडी सुरू झाली आणि आबा तिला चोपड्याला घेऊन गेले. पुढच्या रविवारी आम्ही सगळे तिथे होतो. सासूबाई, म्हणजे अक्का, आधी बसायलाच तयार नव्हत्या. "ही काय गाडी शे? जमिनीवर बसल्यासारखं वाटस." मग पदर खोचून बसल्या. आबांनी कापडी छत मागे सारलं आणि दोघं अडावदच्या रस्त्याला लागले. प्रभाकर दारात उभा राहून कोण कोण हसतंय ते मोजत होता. हसत होते, पण हातही करत होते.

दोन तासांनी ते परत आले. अक्कांचा अंबाडा सुटला होता, केसांत धूळ होती. त्या उतरल्या, पदर झटकला आणि आबांना एवढंच म्हणाल्या, "उद्या वरणगावले जाऊत. मन्ही बहीण गाडी पाही तरी लिईन."

गाडी पुढे आठ वर्षं चालली. मधे एकदाच इंजिन उघडावं लागलं, आणि ते मला कळवलं गेलं ते उघडून बंद झाल्यावर.

पण या प्रकरणाचा माझ्या नावलौकिकावर जो परिणाम झाला, त्याची मला कल्पना नव्हती. जिनिंगच्या आवारातली हकिगत पंचक्रोशीत पसरली. चोपड्यापासून बोदवडपर्यंतचे नातेवाईक जुना ट्रॅक्टर, जुनी जीप, जुनी मोटारसायकल घ्यायला निघाले की मला आवर्जून न्यायला यायचे. मी आवाज ऐकायचो, मान हलवायचो आणि म्हणायचो, "रिंगा गेल्या आहेत." किंमत उतरायची, मला जेवायला घालायचे. अजूनही बोलावतात. फक्त घरातून निघताना न्यायला आलेल्यांतला एक जण हळूच माझी पिशवी चाचपून बघतो, आत पाना तर नाही ना.