नैवेद्याचं मीठ

गेल्या महालक्ष्म्यांना माझी सून ऐन जेवणाच्या दिवशी बाजूला बसली. माझे हात थरथरतात. नैवेद्याचा स्वयंपाक नातीवर आला.

नात तेवीस वर्षांची. लातूरला शिकली, आता नांदेडला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. तिथं तिचा हात चुकत नाही म्हणतात. कंधारला घरी आली की मात्र चहात साखर टाकायच्या आधी आईचं तोंड बघते. तिनं झाडलेलं सून पुन्हा झाडते, तिनं लाटलेल्या पोळीवर पुन्हा लाटणं फिरवते. त्यामुळं काहीही केलं की पोरीचं ठरलेलं, "चुकलं का?"

सुनेला मी दोष देत नाही. लहानपणी तिच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. जेवली का, शाळेत गेली का, विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून ती लेकीवरची नजर काढत नाही. माया आहे, पण पोरीला तिचं ओझं होतं.

कटाच्या आमटीला उकळी आली. पोरगी मुठीत मीठ घेऊन उभी. नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी चाखायचं नसतं, म्हणजे खात्री करून द्यायला कुणीच नाही.

"आजी, एवढं बास का?"

"मला काय विचारती? मला दिसतंय का धड?" दिसत होतं.

"कमीजास्त झालं तर?"

"पाहुणे मरत न्हाईत, बाई. टाक."

सून उंबऱ्यापर्यंत आली. आत तिला येता येत नव्हतं. "आगं थांब! मूठ दाखव मला आधी!"

पोरीनं तिच्याकडं न बघता मीठ टाकलं.

पंगतीत माझ्या मुलानं पहिला भुरका मारला आणि थांबला. "कुणी केली गं ही आमटी?"

"तरी मी सांगत होते," सून तिकडून म्हणाली.

चार पाहुण्यांसमोर आता ही रडणार, असं मला वाटलं.

"मी केली," पोरगी म्हणाली. "मीठ जास्त पडलंय. भात कालवून खा, पप्पा." आणि भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडं गेली. चुकलं का, असं तिनं कुणालाच विचारलं नाही. मुलानं मुकाट भात कालवला.

सुनेचं ताट मी नेऊन दिलं. तिनं आमटी तोंडाला लावली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, लेकीकडं पाहिलं, आणि जेवायला लागली.