हळदीच्या जात्यावर गोजाबाई

सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीत गोजाबाई जात्यावर बसली, की शेजारणींचे भाकरी थापणारे हात थांबायचे. मोहोळकडची बाई, चाळीतल्या इतरांसारखीच नव्यानं ख्रिस्ती झालेली, गिरणीत सूत गुंडाळायच्या कामाला. तापाच्या साथीत आधी नवरा गेला, त्याच्यामागं लेक. चाळीला वाटलं, हिचं जातं आता मुकं झालं. पण चार दिवसांनी पहाटे ओवी ऐकू आली, आणि तीही येशूची. नवीकोरी, तिनंच जुळवलेली.

"गोजे, रडणं सरलं व्हय गं तुजं?" शेजारच्या रंभाबाईनं विचारलं.

"सरतंय कुटं? रडते की. पन तो समोर बसल्यावानी वाटतंय बग. मग नुस्तं रडगानं किती ऐकवायचं त्येला? कटाळंल की!"

पुढं रंभाबाईच्या कस्तुराचं लग्न ठरलं. हळद दळायच्या दिवशी नवरी हटून बसली. "गोजामावशीनं जात्याला हात लावल्याबिगर मी हळद लावून घेनार न्हाय!"

"खुळी का काय तू?" सोजरआत्या कडाडली. कस्तुराची ही आत्या ऐन तरुणपणी विधवा झालेली; तेव्हापासून कुणाचीही हळद असो, ती चुलीपाशीच बसायची. "ख्रिस्ती झालो म्हून रीत सोडायची? हळदीला सवाष्णीच लागत्यात. बसवा पाचजणी!"

दारात उभ्या गोजाबाईचं तोंड एवढंसं झालं. तरी ती म्हणाली, "आत्याबाई, बाप्तिस्मा देताना पाद्रीबाबांनी सवाष्णी येगळ्या काडल्या नव्हत्या की."

"जीभ बगा हिची!"

रंभाबाई नणंदेपुढं काय बोलणार? पाचजणी बसल्या. हळकुंडाचे तुकडे जात्यात पडले, खुंटा फिरला आणि रंभाबाईनं गळा मोकळा सोडला. पहिली ओवी गेली थेट गणपतीला. दुसरी तुळजापूरच्या अंबाबाईला!

ओट्यावर चहा पीत बसलेल्या पाद्रीबाबांना जोराचा ठसका लागला.

"अगं रंभे, काय गातीस हे?" आत्या ओरडली.

"मी काय करू? खुंट्याला हात लागला, की आईच्या ओव्याच येत्यात तोंडात!"

"मग येशूच्या म्हना!"

"त्या गोजीला येत्यात!"

नवरी पदरात तोंड खुपसून हसायला लागली. मग पाचहीजणी हसल्या. हसू ओसरलं तशा सगळ्या आत्याकडं बघत राहिल्या.

"माज्याकडं काय बगताय? बसवा तिला. नवरी बिनहळदीची ऱ्हाईल न्हायतर."

गोजाबाई आत आली, पण बसली नाही. "समोर तुमी बसा, आत्याबाई."

"मी? अगं, माजा हात..."

"काय झालंय हाताला? आजचा सगळा सैपाक त्येच हातानं केलाय न्हवं?"

आत्या चुलीपासून हलेना. कस्तुरानं उठून तिचं मनगट धरलं. आत्या आली, बसली, आणि कुणी रागावेल की काय अशा बेतानं तिनं खुंट्याला हात लावला. गोजाबाईनं तिच्यासमोर बसून सूर धरला,

"पयली माजी ओवी गं, येशू माज्या दादाला,
रिकाम्या घरामंदी सोबतीला आला.
दुसरी माजी ओवी गं, कुंकू गेलं पुसून,
हसू माजं दादानं ठेवलं गं राखून."

आत्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात पिवळेधमक झाले होते. आत्यानं जातं थांबवलं.

"का वो, दमलात?" गोजाबाईनं विचारलं.

"दमतीय कशाची! ती दुसरी पुन्ना म्हन," आत्या नाक ओढत म्हणाली. "आन् सावकाश म्हन की गं. तोंडपाट करायचीय मला."