पेरांवरचा जप

इथे परदेशात, बुकित तिमाहमधल्या आमच्या काँडो-सोसायटीत लेकीकडे आलेले एक रोमानियन आजोबा रोज सकाळी बाकावर भेटायचे. कम्युनिस्ट राजवटीत ते पक्षाचे पुढारी होते आणि ती कोसळल्यावर निवडून आलेले खासदार.

मी माझ्या बॉसबद्दल मनसोक्त बडबडायचो. ते अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत ऐकायचे. मला वाटायचं, जप चाललाय.

काल त्यांनी माझं आठवडाभराचं बोलणं वारांसकट जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"जुनी सवय," ते म्हणाले. "आधी असं ऐकलेलं गुप्त पोलिसांच्या फायलीत जायचं. नंतर याच स्मरणशक्तीवर मतं मिळवली."

इथे नोकरी करू देणारा माझा एम्प्लॉयमेंट पास पुढच्याच महिन्यात संपतोय, आणि तो वाढवून घेणं बॉसच्याच हातात आहे.

आज मी फक्त उकाड्याबद्दल बोललो.

"आमच्याकडेही सगळे हवेबद्दलच बोलायचे," ते हसून म्हणाले, आणि त्यांचा अंगठा पुढच्या पेरावर सरकला.