क्रुकीवाली आंटी

सीताच्या घरी कोणी बसून उठलं की कपड्याला एखादा स्टोन चिकटलेला असतोच. स्टोन म्हणजे साडीवर लावायचे काचेचे खडे, साखरेच्या दाण्याएवढे. सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या बायका हेच काम करतात. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे येतात, नक्षीवर गोंदाचा ठिपका द्यायचा, खडा टेकवायचा, वाळली की साडी घडी घालून परत. सीताच्या घरात भातात स्टोन निघाला तरी कोणी बोलत नाही. काढून ताटाच्या कडेला ठेवतात आणि पुढचा घास घेतात. मी समोरच्या घरातली वंदना, बालवाडीची बाई, मूळची साताऱ्याकडची. मला सुरुवातीला याचं फार नवल वाटायचं.

सीताचं कुटुंब खानदेशातलं. नवरा सुकलाल पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. माणूस भला, पण घरात मिठाची गुळणी धरून बसणारा. मुलगा प्रज्ञेश आठवीत. आणि थोरली जागृती, सीताचा जीव की प्राण. जागृती बी.कॉम. होऊन वेसूच्या बड्या वस्तीत एका इंटिरियरवाल्याच्या ऑफिसात लागली आणि सीता गल्लीत जरा ताठ चालायला लागली. हे मी टोचून म्हणत नाही. जिची मान आयुष्यभर फळीवरच्या साडीत गेली, ती लेकीसाठी ताठ झाली तर कोणाचं काय बिघडतं?

क्रुकी नावाचा पदार्थ घरात आणला तो जागृतीनेच. ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस होता, तिथला अर्धा क्रुकी कागदी नॅपकिनात गुंडाळून तिने आईला आणली. लोण्याच्या पातळ पदरांचा फ्रेंच पाव, म्हणजे क्रोसाँ, मधोमध चिरायचा, आत चॉकलेटचे तुकडे घातलेलं बिस्किटाचं कच्चं पीठ भरायचं, वरूनही थापायचं आणि पुन्हा भाजायचं. सीताने तो तुकडा तोंडात टाकायच्या आधी पदर न् पदर उलगडून पाहिला. मग मला म्हणाली, यात काय एवढं, ही तर साडीची घडी आहे.

घडी तिला येत होती, पण लोणी ऐकत नव्हतं. सुरतच्या उकाड्यात पीठ लाटायला घेतलं की लोणी पाघळून पोळपाटाखालून वाहायचं. पहिल्या खेपेला जे निघालं ते आम्ही चहात बुडवून खाल्लं आणि चांगलं आहे म्हणालो. मग तिने अक्कल लढवली. स्टोनच्या कामाची रुंद प्लायवुडची फळी घासूनपुसून घेतली, तिच्यावर प्लास्टिक अंथरलं, वर बर्फाची परात फिरवून फळी गार करायची आणि मग पीठ पसरायचं. नणंदेकडे धूळ खात पडलेला ओव्हन आणला. अंडं घालायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं, कारण ऑफिस गुजराती. महिनाभरात तिच्या हातून असे क्रुकी उतरायला लागले की मी साखरेचं पथ्य गुंडाळून ठेवलं.

जागृती डबा भरून ऑफिसात न्यायची. सगळे संपायचे, पुन्हा मागणी यायची. संध्याकाळी सीता तिला उंबऱ्यातच गाठून विचारायची, कोण काय म्हणालं. जागृती चप्पल काढता काढता सांगायची की हेतल मॅडम म्हणाल्या, तुझ्या आईच्या हाताला चव आहे. या हेतल मॅडम म्हणजे तिच्या वरच्या. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बायकांना ते वाक्य ऐकावं लागायचं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. सीताला एकच गोष्ट हवी होती. एकदा त्या ऑफिसात स्वतः डबा घेऊन जायचं आणि ज्यांनी आपलं नाव घेतलं त्यांना भेटायचं. त्यासाठी इस्त्रीची साडी काढून ठेवली होती. जागृती मात्र कधी ऊन फार आहे म्हणायची, कधी मॅडम साइटवर गेल्यात म्हणायची. मला शंका आली होती. पण उगाच कशाला कोणाच्या आनंदात माती कालवा, म्हणून गप्प बसले.

त्या दिवशी दुपारी मी तिच्याकडेच होते. सीता फळीवर पीठ लाटत होती, हात कोपरापर्यंत माखलेले. फोन वाजला तेव्हा तिने मलाच उचलायला सांगितलं, आणि मी तो स्पीकरवर टाकून फळीच्या कडेला ठेवला. पलीकडून बाईचा आवाज आला, "क्रुकीवाली आंटी? मैं हेतल, वेसू से."

सीताचं तोंड असं उजळलं की काय सांगू. पदराने कपाळ पुसत ती म्हणाली, "हां हां हेतल मॅडम, मैं जागृती की..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. कारण पलीकडे मॅडमच्या मागून जागृतीच घाईघाईने म्हणाली, "दीजिए मॅडम, मैं बात करती हूँ. ये अडाजनवाली आंटी मेरे नाम से ही सबको पहचानती हैं." आणि मग फोन तिच्या हातात आला असावा, कारण आवाज जवळून यायला लागला. "आंटी, आपके क्रुकी में साडी का स्टोन निकला. मॅडम का दाँत टूटते टूटते बचा. आप सफाई नहीं रखते क्या?"

सीता फोनकडे पाहत राहिली. तिला कळायला वेळ लागला असंही नाही. ते सगळं तिच्या चेहऱ्यावर एकदमच आलं: डिंडोली नाही तर नदीपलीकडचं चांगल्या वस्तीचं अडाजन, आई नाही तर ऑर्डर घेणारी आंटी, आणि ती नळावर घोकलेली वाक्यं जागृतीने रस्त्यात रचलेली. तिचे कान लाल झाले. मला तर तिथे बसल्याचीच इतकी लाज वाटली की उठून जावंसं वाटलं, पण उठणंही दिसलं असतं.

मग सीता सावकाश म्हणाली, "माफ करना, मॅडम. गलती हो गई. आगे से नहीं होगा."

पोटच्या पोरीला मॅडम म्हणाली ती. पलीकडे जागृती "ठीक है" असं काहीतरी पुटपुटली आणि फोन बंद झाला.

मी पोरीला फोन लावून चार शब्द सुनावायला निघालेच होते. सीताने माझा हात धरला, पिठाच्या हाताने. "पोरले काही बोलू नका, ताई. चूक मन्हीच शे. लाटताना हाताले काहीतरी कचकच लागनं व्हतं. मले वाटनं, साखर शे." एवढं बोलून ती प्लास्टिक उचलून फळीवर हात फिरवायला लागली. फळीच्या चिरेत, प्लास्टिकच्या घडीत, तिच्या स्वतःच्या केसात, कुठे कुठे शोधणार होती? ते लाटलेलं पीठ तिने सगळं टाकून दिलं.

संध्याकाळी जागृती आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. रडून डोळे सुजलेले. मी दारात होतेच, आणि मुद्दामच हलले नाही. आईच्या पायाशी बसून ती म्हणाली की ऑफिसात सगळ्यांची घरं मोठी, सगळ्यांच्या आया गाडी चालवतात, तिने पहिल्याच दिवशी घर कुठे ते खोटं सांगितलं मग क्रुकी अडाजनच्या एका आंटीकडून घेते म्हणाली, मॅडमनी नंबर मागितला तेव्हा आईचाच दिला, आणि एकावर एक खोटं चढत गेलं. "माय, मी उद्या खरं सांगी देसू."

सीता तिच्या केसातून हात फिरवत होती. "आते नको सांगू. तुले खोटी म्हनतीन. मले आंटीच ऱ्हाऊ दे."

मला वाटलं होतं जागृती हट्ट धरेल, नाही म्हणेल. तिने नुसतं आईच्या मांडीत डोकं खुपसलं. तिला हायसं वाटलं होतं, ते मला दिसलं. सीतालाही दिसलं असणार.

पुढच्या रविवारी जागृती घरीच होती, आईशेजारी बसून क्रुकीच्या पिशव्यांना गाठी मारत होती. आता पीठ नव्या पत्र्यावर लाटलं जात होतं आणि स्टोनचं काम सीताने माझ्या ओट्यावर हलवलं होतं. तेवढ्यात हेतल मॅडमचाच फोन आला आणि मीच तो पुन्हा स्पीकरवर टाकला. बाई मनाने चांगली होती. त्या दिवशी जागृती जास्तच बोलली असं म्हणाली, सासऱ्यांच्या वाढदिवसाला क्रुकी हवेत म्हणाली. मग ऑर्डर लिहून झाल्यावर जरा गप्पा माराव्यात म्हणून तिने विचारलं, "आंटी, घर में कौन कौन है? बच्चे कितने हैं आपके?"

जागृतीचे हात थांबले. सीताने तिच्याकडे पाहिलं, रागाने नाही, जेवायला वाढताना बघते तसं.

"एक लडका है, मॅडम," सीता म्हणाली. "आठवी में पढता है."

"बस, एक ही?"

"हां. एक ही."

जागृती उठली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. सीताने फोन बंद केला आणि लोणी पाघळायच्या आत पीठ फ्रिजमध्ये ठेवलं.