कार्टूनमधला हत्ती

चूक माझीच होती. काल मुलीच्या मोबाइलवर एक जुनं कृष्णधवल कार्टून लागलं आणि लहानपणीची, काळेवाडीतली ती गुरुवारची दुपार आठवली. कंपनीला सुट्टी होती, तरी वडिलांच्या अंगाला ऑइलचा वास होताच. टीव्हीवर छत्रीमागे धावणारा हत्ती बघून ते खदखदून हसत होते. "तेच झाड पुन्हा पुन्हा येतंय, कुणी बोलतसुद्धा नाही," म्हणत मी चॅनल बदललं. कंपनीतल्या प्रेस मशीनच्या आवाजाने बहिरे झालेल्या वडिलांचं हसू मावळलं. आई करवादली, "मोठा शहाणा! कुणी बोलत नाही म्हणूनच त्यांना सगळं कळतं." तरी मी हट्टाने मॅचच बघितली. काल मोबाइलवरचा तोच हत्ती वडिलांसमोर धरला, आणि ते हसायला लागल्यावर त्यांच्यापुढे बसून स्वतःचे दोन्ही कान पकडले.