निकाल बाकी

पडदा वर जातो. उत्तरेत, मानेसरच्या कारखान्यांमागे पत्र्याची लांबलचक शेड, जानेवारीचं मळकट ऊन, आणि रंगमंचाच्या ऐन मध्यावर, गुडघ्यांत मेंढीचं डोकं धरून बसलेले एकसष्ट वर्षांचे शहाजी खराडे. कानाला मफलर, अंगात खाकी स्वेटर. अठ्ठावीस वर्षं फौजेत खेचरं सांभाळली. निवृत्तीनंतर साताऱ्याला न परतता ते इथल्या मेंढ्यांच्या पैदास केंद्रात राहिले. इथला साठ मेंढ्यांचा कळप त्यांनी कोकरांपासून वाढवला होता.

त्या आठवड्यात बाहेरून पाच नव्या मेंढ्या आल्या. त्यांतली एक भिंतीला अंग घासघासून लोकर उतरवू लागली; तिचं नावच पडलं खाजरी. नोएडाहून डॉक्टर कृतिका पेंडसे आल्या.

"काका, स्क्रेपीचा डाउट आहे. मेंदू पोखरणारा, एकीपासून दुसरीला लागणारा रोग. औषध नाही."

"म्हंजे मारायची?"

"पूर्वी मारूनच मेंदू तपासायचे. आता जिवंतपणीही कळू शकतं. डोळ्याच्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते ना, ती थेंबांनी बधिर करून तिच्यातला तीळभर तुकडा घ्यायचा. फक्त डोकं बिल्कुल हलायला नको."

पाचांपैकी एकीचंही डोकं हललं नाही. पाचही जणींना वेगळ्या खणात कोंडून शहाजींनी दारावर खडूनं ठळक लिहिलं, 'निकाल बाकी'. दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती.

तिसऱ्या दिवशी येऊन बघतात तर पासष्ट मेंढ्या एकाच गव्हाणीवर! खाजरी मधोमध, मजेत चरतेय.

"हरीश! ये किसने किया?"

हरीश रेवाडीचा, पन्नाशीतला, सांगितलं काम चोख करणारा. "आपने ही तो लिखा था, फौजी साब. 'निकाल बाकी'. मैंने सब निकाल दीं."

शहाजींनी दारावरची अक्षरं पुन्हा वाचली. हिंदीत 'निकाल' म्हणजे बाहेर काढ, हे त्यांना का ठाऊक नव्हतं? उभी हयात त्या भाषेत गेली. पण खडू हातात आला की अक्षर उमटतं ते गावच्या शाळेतलं.

मॅनेजर नीरज तणतणत आला. हरणांतही याच जातीचा रोग असतो, आणि शेजारच्या हरणांच्या बागेतली चितळं तर कुंपणाला नाक लावून उभी होती. "रिपोर्ट खराब आया तो पूरे पैंसठ गड्ढे में! और हरीश की आज ही छुट्टी!"

"साब, लिखा मैंने है. उसने तो हुकूम माना."

"कमाल है, फौजी! नौकरी मानेसर की और बोर्ड पूना का?"

हरीश राहिला. कळपाचं नशीब मात्र तपासणीवर लटकलं.

सहाव्या दिवशी फोन आला. चार मेंढ्यांत काही नाही. पण खाजरीच्या तुकड्यात तपासण्याजोगा भागच कमी आलाय, दुसऱ्या डोळ्यातून पुन्हा घ्यावा लागेल. शहाजींनी पुन्हा गुडघे टेकले, पुन्हा डोकं धरलं. मग आणखी आठ दिवस ते तिन्हीत्रिकाळ कळपात फिरत राहिले. कोण अंग घासतंय, कोण लटपटतंय, हेच बघत. जेवायला बोलावलं तर म्हणत, "तुम्ही बसा, आलोच," आणि येत नसत.

दुसऱ्या तुकड्यानंतर नवव्या दिवशी कृतिका स्वतः आल्या. "काका, तीही क्लिअर! तिला साधी खरूज आहे, औषधानं जाईल."

शहाजींनी मफलर सोडून तोंड पुसलं.

"पण एक आहे," कृतिका म्हणाल्या, "रोग पापणीपर्यंत पोचला असेल तरच या टेस्टमध्ये दिसतो. म्हणून सहा महिन्यांनी परत करायची. आणि आता एकत्र मिसळल्यात, तर पासष्टच्या पासष्ट. जमेल ना धरायला?"

शहाजींनी दोन्ही गुडघे एकदा चोळून पाहिले.

"धरतो की. फक्त ते बधिर करायचे थेंब दोन मिनिटं आधी घालत जा, मॅडम. त्या ओरडत न्हाईत, पण माझ्या हाताला कळतं."