वाईटपणाचा धनी

थोरल्याला चर्चची अख्खी मंडळी ‘मीकोण’ म्हणायची. तोंडावर नाही, हं, तोंडावर ‘दादा’. पण पाठ वळली की ‘मीकोण आला का’, ‘मीकोणला विचारलंत का’. कारण या माणसाला काहीही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं, ‘‘मी कोण सांगणारा? मी आपला साधा गादीवाला.’’ आणि हे म्हणताना मान अशी खाली जायची, की विचारणाऱ्यालाच आपण काहीतरी उद्धट बोललो असं वाटावं.

तसा माणूस सोन्यासारखा, यात वाद नाही. दोघा भावांचं सोफे आणि गाद्या शिवायचं दुकान होतं. थोरला आत, फोमच्या चुऱ्यात मांडी घालून टाके घालत बसणार. धाकटा बाहेर गिऱ्हाइकांशी बोलणार. चर्चमध्ये थोरला शेवटच्या बाकावर. प्रभुभोजनाला सगळ्यांच्या मागे. उपासना संपली की लोक पांगायच्या आत खुर्च्या उचलायला हजर. पाळकसाहेब उपदेशात नम्रतेवर आले की निम्म्या माना आपोआप शेवटच्या बाकाकडे वळायच्या आणि थोरला आपल्या बुटांकडे बघत बसायचा. बुटांकडे बघायचा खरा, पण माना वळल्यात हे त्याला बरोबर कळायचं. कळणारच की हो, माणूसच तो.

धाकटा मात्र मंडळीच्या डोळ्यांत खुपायचा. फटकळ, तिखट, भावाच्या पासंगालाही न पुरणारा. दुकानात पिऊन येणाऱ्या कारागिराला काढलं कोणी? धाकट्यानं. बहिणीला सांगून आलेल्या स्थळाला नकार कोणी कळवला? धाकट्यानं. ती माणसं अजून रस्त्यात त्याला बघून तोंड फिरवतात. चर्चच्या कमिटीसाठी आधी थोरल्याचंच नाव निघालं होतं. ‘‘मी अपात्र आहे हो,’’ म्हणत त्यानं असे हात जोडले की बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती धोंड धाकट्याच्या गळ्यात पडली. त्याबरोबर, गायनवृंदातल्या शिक्षिकाबाईंना ‘बाई, तुमचा सूर लागत नाही, जरा मागं उभ्या राहा’ हे सांगायचं कामही आलं. बाई रडत रडत थोरल्याकडे गेल्या. थोरल्यानं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘तोंडानं तिखट आहे तो. प्रभूखातर माफ करा त्याला.’’ आता गंमत ऐका. बाईंचा सूर लागत नाही ही तक्रार मुळात थोरल्याचीच होती! जेवायला बसल्यावर त्यानंच विषय काढला होता आणि शेवटी नेहमीप्रमाणे म्हणाला होता, ‘‘पण मी कोण सांगणारा? तू बघ काय ते.’’

यात आपण काही लबाडी करतोय असं थोरल्याच्या स्वप्नातही नव्हतं. देवाशपथ नव्हतं. नम्र माणसानं असंच वागायचं असतं, अशी त्याची पक्की समजूत होती.

आणि मग आईच्या पायाचं निघालं.

आईला जुनी शुगर. अंगठ्याला कुठंसं लागलं, कोणाला सांगितलं नाही, फडकं बांधून फिरत राहिली. थोरल्याच्या बायकोला वास आला तेव्हा अंगठा काळा पडला होता. हॉस्पिटलात नेलं तर डॉक्टर, तरुण मुलगी ती, पाय बघून बाहेर आली आणि दोघा भावांना एका बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘गुडघ्याखालून काढावा लागेल. आजच. वाट बघितली तर पायाचं सोडा, त्याच राहणार नाहीत.’’

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीला हिरवट रंग होता, खाली बाक होता, त्या बाकावर तो मटकन बसला.

‘‘आणि अडचण अशी आहे,’’ डॉक्टर म्हणाली, ‘‘त्या तयार नाहीत. देवानं दोन पायांवर पाठवलं, दोन पायांवर परत जाईन म्हणतात. मी सांगून थकले. म्हणतात, थोरला काय म्हणेल ते. माझा थोरला मला कापू देणार नाही. तुमच्यापैकी थोरले कोण?’’

इथं कोणीही ओळखेल थोरला काय बोलला ते. मान खाली घालून, हात जोडून तो म्हणाला, ‘‘मी कोण सांगणारा, बाई? मला त्यातलं काय कळतं? धाकट्याला विचारा, तो ठरवेल.’’

‘‘नाही,’’ धाकटा म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की थोरल्याला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

‘‘काय म्हणालास?’’

‘‘नाही म्हणालो. या वेळी नाही, दादा.’’ धाकट्यानं आतल्या दाराकडे बोट केलं. ‘‘आई माझं ऐकणार नाही. तिनं आजवर ऐकलंय माझं? ती तुझं ऐकेल. आत जा आणि सांग.’’

‘‘अरे पण, तिचं मन मोडायचं म्हणजे... मी प्रार्थना करतो. तू बोल, मी इथं बसून प्रार्थना करतो.’’

झालं! धाकटा असा फुटला की औषधाची ढकलगाडी नेणारी नर्स जागच्या जागी थांबली. ‘‘प्रार्थना कर ना! कोण नको म्हणतंय? पण आधी आत जाऊन तोंड उघड! सगळी वर्षं हेच चाललंय. त्या पिणाऱ्या कारागिराला काढायचं तूच म्हणालास, तोंड माझं काळं झालं. बहिणीचं स्थळ तुला पसंत नव्हतं, शिव्या मी खाल्ल्या. तुझी नम्रता, दादा, फुकटची नाही. तिची हमाली मी करतो. चांगुलपणा तुझा, वाईटपणा माझा! लोक तुझ्यासमोर हात जोडतात आणि माझ्यासमोर थुंकतात, आणि तू मान खाली घालून त्यांना सांगतोस की त्याला माफ करा. मला? मला माफ करा?’’

थोरल्याला कोणीतरी सणसणीत थोबाडीत मारावी तसं झालं. धाकटा तोंडाळ, हे त्याला ठाऊक होतं. पण आपल्यावर तो असा कधी उलटला नव्हता. तो आधारासाठी बायकोकडे वळला. ती पाण्याची बाटली धरून उभी होती. गरीब स्वभावाची बाई, नवऱ्यापुढे कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. आता ही म्हणेल, भावजी, हे काय बोलणं झालं?

ती बाटलीच्या झाकणाकडे बघत म्हणाली, ‘‘भावजी खरं बोलतायत.’’

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते काय, हे थोरल्याला त्या दिवशी कळलं. बायकोलाही कळत होतं! किती दिवसांपासून? आणि तिनं सांगितलं का नाही? का सांगितलं होतं आणि आपणच मान खाली घालून ऐकलं नाही?

तो उठला आणि बोळाच्या टोकाला खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली रुग्णांच्या चादरी वाळत होत्या. प्रार्थना करायला त्यानं डोळे मिटले, पण शब्द सुचेना. नेहमीचे शब्द होते ना: मी नालायक, मी धूळ, मी काहीच नाही. आज ते तोंडात यायलाच तयार नव्हते. त्याऐवजी तो आठवू लागला, आपण कोणाला तोंडावर ‘नाही’ कधी म्हटलं? एकदा तरी? गिऱ्हाइकाला? सोयऱ्याला? पोराला मारायचं तेही बायकोवर सोपवलेलं. त्यानं डोकं खाजवलं, कपाळ चोळलं. एकसुद्धा आठवेना. एकसुद्धा नाही! आणि दुसरंच काहीतरी आठवलं, ते जास्त वाईट. शिक्षिकाबाई धाकट्याच्या नावानं रडत होत्या तेव्हा आपल्याला आतून गोड वाटलं होतं. चांगलं गोड, उबदार. त्यानं दचकून डोळे उघडले. त्याला स्वतःचीच भीती वाटली. आपला प्रभू दुसऱ्यांचा दोष अंगावर घेऊन मेला, आणि आपण त्याच्या नावानं आपला दोष भावाच्या अंगावर टाकत आलो. हे नम्र होणं? हा तर शुद्ध पळपुटेपणा! हे कळायला आईचा पाय सडावा लागला!

तो परत आला. धाकटा बाकावर डोकं धरून बसला होता. थोरला सरळ आत गेला.

आई उशीला टेकून बसली होती. त्याला बघताच तिचा चेहरा उजळला. ‘‘आलास बाबा? सांग त्या पोरीला. सुरी घेऊनच बसलीय मेली. सांग, माझी आई अशीच बरी होईल म्हणावं.’’

‘‘आई,’’ तो म्हणाला. ‘‘पाय काढायचा आई. आज.’’

आईनं त्याच्याकडे असं पाहिलं जणू दुसराच कोणी आत आलाय. ‘‘कोण म्हणतं?’’

‘‘मी म्हणतो.’’

‘‘तू नाही म्हणत.’’ ती हसली सुद्धा. ‘‘तुला कोणीतरी पढवून पाठवलंय. धाकट्यानं ना? त्याचंच हे डोकं. त्याला लहानपणापासून मायाच नाही. सांग, त्याचंच ना?’’

दार सताड उघडं होतं बघा. निसटायला इतकी सोपी वाट. नुसती मान खाली घालायची, बस. ‘हो’ म्हणायचीही गरज नव्हती, गप्प राहिलं तरी भागलं असतं. पाय निघाला असता, आईचा जीव वाचला असता, आणि आईचा थोरला आईपाशी होता तसाच राहिला असता. मान जायलाही लागली. खरं सांगतो, सवयीनं जायला लागली होती. त्यानं ती ओढून वर धरली.

‘‘धाकट्याचा यात काही संबंध नाही, आई. मी ठरवलंय. तू नाही म्हणालीस तरी मी तुझ्यापाशी बसून भांडणार आहे. मला तू जिवंत हवीस.’’

आईच्या डोळ्यांत असं काही आलं, जे त्यानं आजवर फक्त ती धाकट्याकडे बघायची तेव्हा तिथं पाहिलं होतं. ‘‘तू?’’ ती म्हणाली. ‘‘पोटच्या पोरा, तू?’’ आणि तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाली, ‘‘कापा मग. काय कापायचं ते कापा. पण हा मला डोळ्यांसमोर नको.’’

शस्त्रक्रिया नीट झाली. आई वाचली, घरी आली, आठवड्यागणिक तिच्या अंगावर तकाकी येत गेली, आवाज तर पहिल्यापेक्षा ठणठणीत. पण थोरल्याशी ती बोलेना. त्यानं ताट आणलं तर ताट तसंच. तेच ताट धाकट्यानं उचलून पुढं केलं की जेवायची. मंडळीतली माणसं भेटायला येत, तेव्हा त्यांना ऐकवायची, ‘‘थोरल्यानं माझा पाय कापला. हो, त्यानंच. धाकट्याच्या हातात असतं तर त्यानं होऊ दिलं नसतं.’’ माणसं ‘आं?’ करायची आणि थोरल्याकडे बघायची. शिक्षिकाबाई तर उंबऱ्यापाशी त्याला म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, दादा.’’ मीकोण असा निघेल असं कोणाला वाटलं होतं, अशी कुजबुज चर्चच्या दारापर्यंत गेली.

थोरल्यानं चाकाच्या खुर्चीसाठी एक उशी शिवली. मऊ फोम, वर सुती कापड, टोचू नये म्हणून शिवण आतून घेतलेली. ती त्यानं धाकट्याच्या हाती दिली, कारण त्याच्या हातून आईनं घेतली नसती. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले तेव्हा आई ती उशी थोपटत म्हणाली, ‘‘बघा, माझ्या धाकट्यानं शिवलीय. मेल्याला किती माया आहे, मलाच कळली नाही कधी.’’

धाकट्यानं तोंड उघडलं. थोरला दारात उभा होता. त्यानं घाईनं मान हलवली, गप्प बस. धाकटा गप्प बसला, पण त्याचा चेहरा कसनुसा झाला, आणि पाळकसाहेब गेल्यावर तो तरातरा बाहेर ओट्यावर आला.

‘‘सांगून टाकतो मी तिला. सगळंच सांगतो. डॉक्टर बोलली त्या क्षणी मीसुद्धा मनातून हो म्हटलं होतं.’’

‘‘नको,’’ थोरला म्हणाला. ‘‘तुझ्याशी हसते ती आता. हसू दे.’’

त्याला वाटलं होतं, एकदा खरं वागलं की मनाला शांती मिळेल. कसली शांती! आतून पिळवटून निघत होतं. आईनं एकदा, एकदाच, नावानं हाक मारावी म्हणून जीव टांगणीला लागला होता. तो अंगठ्यानं ओट्याची कड खरवडू लागला. मग त्यानं विचारलं, ‘‘तू इतकी वर्षं हे कसं काढलंस रे?’’

धाकट्यानं खांदे उडवले. ‘‘काढलं. घरी जाऊन बायकोपाशी रडायचो.’’

थोरला त्याच्याकडे बघतच राहिला. हा, फटकळ, दगडाचा म्हणून गाजलेला माणूस, रडायचा! आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीत आपण गुडघे टेकून प्रार्थना करत होतो. त्याला काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण तेवढ्यात आतून आईची हाक आली, ‘‘अरे, जरा इकडे ये!’’

थोरला चटकन उठला.

‘‘तू नव्हे,’’ आई म्हणाली. ‘‘धाकट्याला पाठव.’’